ट्रेवर जाळी होती का?

आमच्या कॉलेजात सरांविरुद्ध चार तक्रारी कायम चालू असत: वास, भाषा, पायजमा आणि चहाची गाळणी. प्राचार्य बदलले, तक्रारी त्याच राहिल्या. मी आधी सरांची विद्यार्थिनी होते आणि पुढे त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात शिकवायला लागले, त्यामुळे चारही तक्रारींची मी साक्षीदार आहे, आणि एकीत तर फिर्यादी.

वास फॉर्मॅलिनचा. विभागाच्या मागच्या खोलीत त्यांच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांत जिल्ह्यातल्या तळ्यानाल्यांतले किडे. बोदलकशाच्या जलाशयापासून कोणाच्या तरी बांधाशेजारच्या डबक्यापर्यंत सगळीकडचे. सर त्या वासात बसून डबा खात. बाकीचे लोक दारातूनच बोलत आणि लवकर आटपत. सर अविवाहित का राहिले, हे कोणी कधी विचारलं नाही. त्या खोलीत एकदा नाक घातलं की विचारायची गरज पडत नसे.

पायजमा बारा महिने गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पाण्यात कधी उतरावं लागेल सांगता येत नाही, हे कारण. एकदा तपासणी समिती यायची होती म्हणून प्राचार्यांनी हात जोडून त्यांना पॅन्ट घालायला सांगितलं. सर पॅन्ट घालून आले. तीही गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

भाषेचं म्हणाल तर सर लॅटिन नावं आणि झाडीबोली एवढ्यावर अख्खा तास घेत. मधे तिसरी भाषा त्यांना लागत नसे. मी केशोरीची. गोंदियाला शिकायला आल्यावर आपली बोली लपवण्यात मी पहिलं वर्ष घालवलं होतं. सरांनी एका दिवसात त्या मेहनतीचा चुराडा केला. "पोरी, तू घरी अशी बोलतेस का? मंग इथं कायले तोंड वाकडं करून राहिली?" असं भर वर्गात म्हणाले. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणू लागले, पण अरेतुरे सुटलं नाही. "मॅडम, तू गप बस" हे वाक्य मी विभागाच्या बैठकीत कितीदा ऐकलं असेल.

राहिली गाळणी. पाण्यातले किडे धरायला परदेशी जाळं लागतं हे सरांना मान्य नव्हतं. चहाची गाळणी पुरते, आणि तीसुद्धा वापरलेली, कारण चहा गाळून गाळून तिची जाळी मऊ पडते. आमचा कॅन्टीनवाला सर दिसले की आधी गाळणी लपवायचा आणि मग विचारायचा, "सरजी, चाय बनाऊँ क्या?" माझ्या लग्नात वऱ्हाडासाठी पाण्याचा मोठा ड्रम भरून ठेवला होता. सरांनी खिशातून गाळणी काढली, ड्रममध्ये फिरवली, उन्हात धरून बघितली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "अळ्या आहेत जी. पण घाबरू नका, आता चावत नाहीत. मोठ्या झाल्यावर चावतात." सासरे आजही केशोरीला येताना घरून पाणी आणतात. माझी फिर्याद ती हीच.

आता बिऱ्हाडीकडे येते, कारण तिच्याशिवाय सरांचं काही सांगता येणार नाही.

चिचगडच्या पुढे जंगलात एक नाला आहे. त्यात दगडांखाली एक अळी राहते. ती तोंडातून रेशमाचा धागा काढते, वाळूचे चकचकीत कण एकमेकांना चिकटवून बोटाच्या पेराएवढी नळी बांधते आणि ती नळी अंगावर घेऊनच हिंडते. शास्त्रात तिच्या कुळाला भारदस्त नाव आहे. सर तिला बिऱ्हाडी म्हणत. वाढ झाली की ती नळीची तोंडं बंद करून आत बसते, काही दिवसांनी नळी फोडून पाण्यावर येते, कातडी टाकते आणि माशी होऊन उडून जाते. कोणती माशी, हे कोणाला माहीत नव्हतं. पाण्यातल्या किड्यांचं हेच दुखणं आहे. लहानपणी एक रूप, मोठेपणी दुसरंच, आणि एकाकडे बघून दुसऱ्याचा पत्ता लागत नाही.

सरांना पत्ता लागला होता. नव्व्याण्णव साली त्या नाल्याकाठी पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये एक बंद नळी ठेवून ते दुपारपासून बसले होते आणि संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यातून एक तपकिरी, मिशांवर पांढरे पट्टे असलेली माशी बाहेर आली. ही हकिगत ते सांगायला लागले की वर्ग श्वास धरून ऐकायचा. "पापणी हलवली नाही मी," ते म्हणायचे आणि खरोखर पापणी न हलवता आमच्याकडे बघायचे. पुढे शिकवायला लागल्यावर मीही ती हकिगत माझ्या वर्गाला सांगत असे. निरीक्षण म्हणजे काय, हे समजावायला.

पण ते तेवढं एकदाच घडलं. त्यानंतर सरांनी खोलीत बिऱ्हाड्या पाळून पाहिल्या. हवेचा पंप लावावा तर लोडशेडिंग. वीज जायची आणि अळ्या मरायच्या. ही अळी या माशीची, एवढी एकच गोष्ट सरांच्या सगळ्या नोकरीतून जगाला सांगण्यासारखी निघाली होती, आणि तिला साक्षीदार नव्हता.

नागपूरच्या एका चर्चासत्रात त्यांनी ती मांडली. समोर पुण्याचे एक मोठे कीटकतज्ज्ञ बसले होते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "ट्रेवर जाळी होती का?"

"जाळी कायले पाहिजे जी? माझे डोळे होते ना."

सभागृह हसलं. तज्ज्ञ हसले नाहीत. "मग माशी बाहेरूनही आलेली असू शकते; ही नोंद संशयास्पद धरावी लागेल," ते म्हणाले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. गोंदियापर्यंत सर खिडकीबाहेर बघत आले. त्यानंतर ते कुठल्या चर्चासत्राला गेले नाहीत.

दहाएक वर्षांनी मी डीएनए बारकोडिंगचं प्रशिक्षण घेऊन आले. कल्पना सोपी आहे. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते. तिच्यातला एक ठरलेला तुकडा वाचायचा; तो एकाच जातीच्या सगळ्यांत जवळपास सारखा आणि दुसऱ्या जातीत वेगळा निघतो. किड्याचा एक पाय पुरतो. अळी आणि माशी एकाच जातीची असली तर रूप कितीही बदलो, तुकडा बदलत नाही. मी धावतच सरांना सांगायला गेले.

"बारकोड म्हणजे साबणाच्या पुड्यावर असते ते?"

"तसंच समजा सर."

दुसऱ्या दिवशी सर गाळणी खिशात घालून बाजारातल्या एका मोठ्या किराणा दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "भाई, ये मशीन को कैसे मालूम पड़ता, के अंदर बिस्कुट है के साबुन?" तो म्हणाला, "सरजी, मशीन को क्या मालूम? हमने जो नाम डाला, वो बोलती." सर खूश होऊन परत आले.

"मॅडम, तुझं यंत्र ज्यानं नाव भरलं त्याचंच ऐकते. त्यानं चुकीचं भरलं तर यंत्रबी चुकीचंच बोलन."

हे खरंच होतं. पण आम्हाला नाव नकोच होतं, फक्त अळी आणि माशी जुळतात का ते हवं होतं. हे पटल्यावर सरांनी कपाट उघडलं आणि नव्व्याण्णवची बाटली माझ्या हातात दिली, अगदी नवरीचा हात द्यावा तशी. आत ती माशी होती. मला सांगावं लागलं की फॉर्मॅलिनमध्ये किडा टिकतो, पण त्याच्या डीएनएची वाट लागते. सगळ्या कॉलेजांत पिढ्यानपिढ्या सगळं फॉर्मॅलिनमध्येच घालतात. सरांनीही घातलं होतं. खोलीतल्या इतक्या बाटल्यांपैकी एकही उपयोगाची नव्हती. सर म्हणाले, "म्हणजे पुरावा आहे, पण मुका." मग बराच वेळ त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, जणू फॉर्मॅलिन मीच शोधून काढलं होतं.

नवे नमुने शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायला हवे होते. त्याला परवाना लागतो, आणि आमचा अर्ज कॉलेजच्या ऑफिसातून बाहेरच पडत नव्हता. सरांच्या निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. ते म्हणाले, "चिचगडले कायची कमी आहे?" आणि आम्ही नाल्यावरच्या अळ्या, तसल्याच तपकिरी माश्या, सगळं पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूत घातलं. तिथल्या एका म्हातारीनं ती दोनदा गाळून कडक करून दिली होती. काडी लावली तर पेटत होती.

परत येताना देवरीच्या अलीकडे पोलिसांनी जीप अडवली. हवालदारानं पिशवीतली बाटली काढली, उघडली, हुंगली आणि आदरानं सरांकडे बघितलं.

"ह्यात काय आहे जी?"

"किडे."

"अन् किडे कायच्यात आहेत?"

"मोहाच्या दारूत."

हवालदारानं बाटली उन्हात धरली. आत बिऱ्हाड्या तरंगत होत्या. त्याचा चेहरा पडला. "काऊन जी सर? एवढ्या चांगल्या मालात किडे कायले टाकले?"

"सडू नये म्हणून."

"आमी तर रोज पेतो. मंग आमी बी सडत नाही का?"

"तू मेल्यावर तुले ह्यात ठेवतो," सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "मंग पाहू."

हवालदार इतका हसला की त्याला जीपला टेकावं लागलं. जाताना एवढंच म्हणाला, "पुढच्या बारीनं किडे अलग आना अन् दारू अलग आना."

डीएनएचा निकाल आला तेव्हा सरांच्या निरोप समारंभाची तयारी सुरू झाली होती. प्राचार्यांची चार तक्रारींतून सुटका होणार असल्यानं त्यांनी मन मोठं करून एक चर्चासत्रच ठेवलं होतं. पुण्याच्या त्या तज्ज्ञांनाही बोलावलं होतं, ते सरांच्या आग्रहावरून. फाटकावर फ्लेक्स लागला होता: एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला सरांपेक्षा मोठी माशी आणि वर 'बिऱ्हाडीचे संशोधक'. निकाल यायच्या आधी फ्लेक्स आला होता.

मी संगणकावर आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. सगळ्या अळ्या आपसात जुळत होत्या. सगळ्या माश्या आपसात जुळत होत्या. अळ्यांचा आणि माश्यांचा मात्र काही संबंध नव्हता. लांबच्या नात्यातल्यासुद्धा नव्हत्या. हा निकाल घेऊन त्या खोलीत जाण्यापेक्षा नोकरी सोडावी असं मला वाटलं, आणि तरी गेले.

सर ऐकत राहिले.

"दारूमुळे बिघडलं असेल सर," मी म्हणाले. "आपण तसं सांगू. पुढच्या वर्षी पुन्हा करू."

"दारूनं माणूस बिघडते, मॅडम. किडा नाही बिघडत." मग म्हणाले, "तू काही सांगू नको. मी सांगतो."

चर्चासत्रात सर पायजमा दुमडून स्टेजवर चढले. पहिल्या रांगेत पुण्याचे तज्ज्ञ, आता पिकलेले. सरांनी माझा आलेख पडद्यावर लावला आणि सरळ त्यांच्याशीच बोलायला लागले.

"तुमी मले विचारलं होतं, ट्रेवर जाळी होती का. मी म्हटलं, डोळे होते. तर जाळी नव्हती जी. अन् डोळेबी नव्हते. डोळे झाडामागं गेले होते, मुतायले. आलो तर नळी फुटलेली अन् काठावर माशी बसलेली. मी म्हटलं, हिच्यातूनच आली असन. दुसरी कुठून येईन? ते तर दुसरीच कुठूनतरी येऊन बसली होती."

प्राचार्यांच्या मांडीवर सत्काराची शाल होती, तिच्या घड्या ते नीट करत राहिले. तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "किती वेळ गेला होतात?"

"त्या वयात कितीकसा लागते जी? आता गेलो असतो तर गोष्ट अलग होती."

आधी तज्ज्ञ हसले, मग सगळे. शाल द्यायला प्राचार्यांनी तज्ज्ञांनाच उभं केलं, आणि ती पांघरवताना तज्ज्ञ सरांच्या कानात काहीतरी म्हणाले. सरांनी मान डोलावली. काय म्हणाले ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला मात्र हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि रडूही येत होतं. मागच्या खोलीत मी त्यांना गाठलं. "सर, तुम्ही आम्हाला पापणी हलवली नाही म्हणून सांगितलं होतं. मी ते माझ्या पोरांना सांगितलं."

सर खुर्चीत बसले. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "खोटं सांगायचं नव्हतं. पहिल्यांदी सांगताना लाज वाटली, एवढंसं गाळलं. मंग सांगून सांगून मलेच पाठ झालं. मले तर पापणीबी आठवून राहिली होती." माझा राग तिथेच गेला. इतक्या प्रेमानं खोटं पाठ केलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर सरांनी चिचगडला खोली घेतली. बाटल्यांचं काय करायचं हा प्रश्न विभागानं त्यांच्यासोबतच रवाना केला. मी सुट्टीत जाई. नाल्याकाठी ट्रे, ट्रेमध्ये बंद नळी, वर मच्छरदाणीचा तुकडा चारी बाजूंनी घट्ट बांधलेला, आणि शेजारी स्टुलावर सर. तासन् तास. एकदा उन्हं कलायला आली तेव्हा ते चुळबुळ करायला लागले. शेवटी म्हणाले, "मॅडम, तू बस. मी येतो जाऊन. डोळा हलवू नको."

ते झाडामागे गेले आणि नळीचं तोंड हललं. एक फिकट जीव बाहेर आला, पोहत वर आला, काठाला धरून बसला. पाठीवर कातडी उकलली. मी "सर!" म्हणून ओरडले. सर नाडी हातात धरून धावत आले, तोवर जाळीच्या आत एक काळसर, बारीक माशी पंख वाळवत बसली होती. आम्ही आजवर जिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशी.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

सरांनी आधी नाडी बांधली. पुन्हा हुकलं होतं त्यांचं. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "मले नको सांगू. यंत्राले सांग."

या वेळी अल्कोहोल परवान्याचं होतं. अळी आणि माशी जुळल्या.

आम्ही लेख लिहिला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. सरांनी त्यात एक वाक्य घालायला लावलं: माशी बाहेर येताना पहिल्या लेखिकेने पाहिली, दुसरा लेखक त्या वेळी लघवीसाठी झाडामागे गेला होता. संपादकांचं उत्तर आलं, लेख उत्तम आहे, फक्त हे वाक्य काढा. मी चिचगडला गेले. सर ट्रेचं पाणी बदलत होते.

"सर, जाळी होती. डीएनए जुळला. मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही कुठे होतात यानं काय फरक पडतो? माझी बढती अडून राहिली आहे या लेखावर."

"माझं नाव काढून टाक. वाक्य राहू दे."

"ज्याचं लेखात नावच नाही असा माणूस झाडामागे होता, हे मी कायले लिहू?"

त्यावर सर मनापासून हसले. मग हात पुसले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "येकडाव गाळलं होतं ते वाक्य, मॅडम. एवढंसं तर होतं. बारा वर्षं मी त्या झाडामागंच उभा होतो."